ल्यों : तिकीटघराबाहेरचा इतिहास

१/ पाठीवर एक पिशवी आणि खिशात मोजके युरो घेऊन फ्रान्सला निघालेल्या तरुणाला ल्यों शहराविषयी दोन सल्ले हमखास मिळतात. पहिला म्हणजे हे रेशमाचे आणि खवय्यांचे शहर आहे, पैसा नसेल तर वाटेला जाऊ नये. दुसरा म्हणजे एका दिवसाची यादी : टेकडीवरील बासिलिका, एखादे ‘गुप्त भुयार’, छायाचित्र आणि पुढची गाडी. दोन्ही सल्ले चुकीचे आहेत. दुसरा अधिक घातक, कारण त्यामुळे न पाहिलेले शहर पाहिल्याचा भ्रम होतो.

२/ पहिल्याचे उत्तर सोपे आहे. इ.स.पू. ४३ मध्ये प्लांकसने वसवलेल्या या रोमन नगरीचे फुर्व्हियेर टेकडीवरील नाट्यगृह आजही विनामूल्य पाहता येते. पायऱ्यांवर बसून पाव-चीज खाण्यासही कोणी हरकत घेत नाही.

३/ आता त्या ‘भुयारां’कडे. त्राबूल हे भुयार नव्हेच. एका रस्त्यावरच्या दारातून शिरून, इमारतीच्या पोटातून, अंगणातून, जिन्याजवळून दुसऱ्या रस्त्यावर काढलेली ती वाट आहे. दुसऱ्या महायुद्धात प्रतिकार चळवळीने या वाटांचा उपयोग केला हे खरे. परंतु त्या काही त्यासाठी बांधलेल्या नाहीत. जुन्या ल्योंमधल्या कित्येक वाटा तर त्याहून शतकानुशतके जुन्या आहेत.

४/ क्र्वा-रूसच्या टेकडीवरील त्राबूल ज्यांच्या पायांनी झिजले, त्या विणकरांचे नाव मात्र यादीत नसते. त्यांना ‘कान्यू’ म्हणत. त्यांच्या घरांची छते सुमारे चार मीटर उंच आणि खिडक्या लांबोळ्या आहेत. हा शौक नव्हता. जाकारचा माग त्याहून कमी उंचीत उभाच राहत नसे. माग, संसार आणि झोप सारे त्याच खोलीत. रेशीम व नक्षी व्यापाऱ्याची, माग विणकराचा, आणि मजुरी नगावर. दर ठरवणार अर्थातच व्यापारी!

५/ ऑक्टोबर १८३१ मध्ये प्रीफेक्टच्या मध्यस्थीने किमान दरांचा तक्ता ठरला. अनेक व्यापाऱ्यांनी तो धुडकावला. २१ नोव्हेंबरला विणकर काळा झेंडा घेऊन टेकडी उतरले. काम करीत जगू, नाहीतर लढत मरू, ही त्यांची घोषणा. दोन-तीन दिवसांत सैन्याला शहर सोडावे लागले.

आणि शहर हाती आल्यावर त्यांनी काय केले? सत्तेचा दावा नाही. त्यांना हवा होता दरांचा तक्ता.

६/ डिसेंबरच्या आरंभी मार्शल सूल्त आणि राजपुत्र ओर्लेआं फौजेसह शहरात आले. तक्ता रद्द झाला, प्रीफेक्टला परत बोलावले गेले. १८३४ च्या एप्रिलमधील दुसरा उठाव तोफांनी चिरडला. युरोपातील कामगार चळवळीच्या इतिहासात हे प्रसंग आरंभीच मोजले जातात. ते जिथे घडले, त्या ग्रांद-कोतच्या चढणीला फक्त पायांतले बळ लागते.

७/ ‘सामान्य पर्यटकाला एवढे कशाला?’ हा आक्षेप ठरलेला. मग त्याला ‘गुप्त भुयारा’ची थाप तरी कशाला? चढण तीच, वेळ तितकाच. विणकराऐवजी रहस्य विकले की प्रेक्षक वाढतात, एवढेच त्यामागचे कारण.

८/ फुकट मिळते म्हणून ते बेवारस नाही. विसाव्या शतकाच्या मध्यास जुने ल्यों मोडकळीस आले होते आणि त्यातून वाहनांचा रस्ता काढण्याचा बेत होता. नागरिक अडून बसले. १९६२ च्या मालरो कायद्याखाली १९६४ मध्ये ही वस्ती फ्रान्समधील पहिले संरक्षित क्षेत्र ठरली. युनेस्कोची मोहोर १९९८ मधली.

९/ शेकडो त्राबूलांपैकी आज थोडेच लोकांसाठी उघडे आहेत. त्यांतल्या बऱ्याच वाटा महापालिका आणि घरमालक यांच्यातील करारांवर चालतात : देखभालीला पालिकेचा हातभार, वाट जनतेला खुली. वरच्या मजल्यांवर माणसे राहतात. गोंगाट वाढला, की दाराला कुलूप लागते; आणि त्या दारासाठी तिकीटघर कुठेच नाही.