आवत्या की रोवणी?

माझ्या मोबाईलमध्ये एक ब्रॉडकास्ट लिस्ट आहे. माहेरच्या, सासरच्या, भिशीतल्या मिळून साठेक जणी. एकदा बटण दाबलं की निरोप साऱ्यांच्या घरी. नागपुरात बसून हळदीकुंकवाचं आमंत्रण द्यायला याहून सोपं काय?

गेल्या वर्षी कुणाकडून तरी एक काढा आला. ‘महिनाभर घ्या, शुगरची गोळी कायमची सुटेल.’ चांगलंच आहे, कुणाच्या तरी कामी येईल, असं वाटलं आणि दिला ढकलून साठ जणींना. पंधरा-वीस दिवसांनी भंडाऱ्याहून भावाचा फोन आला. वहिनीला दवाखान्यात भरती केलं होतं. तिनं गोळ्या बंद केल्या होत्या. मी धावत गेले. ती हळूच म्हणाली, “ताई, तुमीच तं पाठवलं व्हतं ना!” आवाजात राग नव्हता, म्हणूनच जास्त लागलं.

परत आल्यावरही ‘ब्रॉडकास्ट’ हा शब्द डोक्यातून जाईना. मुलीची जाडजूड डिक्शनरी काढली. आणि मैत्रिणींनो, बघते तर काय, शब्द चक्क शेतीचा! मूठ भरून बी चहूकडे फेकत पेरायचं, त्या पेरणीला इंग्रजीत अठराव्या शतकापासून ब्रॉडकास्ट म्हणतात. १९२० च्या सुमारास रेडिओ आला, तेव्हा त्या लोकांनी तोच शब्द उचलला. आवाजही असाच हवेत उधळायचा ना! आपल्याकडेही ‘ध्वनिक्षेपण’, ‘थेट प्रक्षेपण’ म्हणतात. त्यातल्या ‘क्षेप’चा अर्थही फेकणंच.

ही पेरणी मी लहानपणी डोळ्यांनी पाहिलेली. आमच्या धानाच्या पट्ट्यात तिला आवत्या म्हणतात. बाबा बांधीत झपाझप चालत धान फेकायचे. काम लवकर उरकायचं, मजूर कमी लागायचे. पण बी जास्त जायचं, काही पाखरं खायची, कुठे दाट, कुठे विरळ उगवायचं आणि निंदण काढता काढता जीव जायचा. दुसरी पद्धत रोवणीची. आधी पऱ्हे टाकायचे, मग ते उपटून चिखलात एकेक करून रोवायचे. हे काम बायांचं. दिवसभर कंबर वाकलेली, पण प्रत्येक रोप हातातून गेलेलं.

म्हणजे फेकणं वाईट असं नाही. १६ जुलै १९४८ ला नागपूरचं रेडिओ केंद्र सुरू झालं. शेतीची माहिती, गाणी, बातम्या दूरच्या खेड्यांत पोचायला दुसरी सोयच नव्हती. पण नुसतं फेकून भागत नाही, हे रेडिओवाल्यांनाही कळलं होतं. १९५६ मध्ये पुणे केंद्रानं युनेस्कोच्या मदतीनं पाच जिल्ह्यांतल्या दीडशे खेड्यांत रेडिओ मंडळं काढली. गावकरी एकत्र बसून कार्यक्रम ऐकायचे, त्यावर बोलायचे आणि आपले प्रश्न केंद्राला कळवायचे. फेकलेलं बी कुठे पडलं, उगवलं की नाही, याची चौकशी व्हायची.

आपण ती करतो का? १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात जमावानं पाच निरपराध माणसांना ठार मारलं. मुलं पळवणारी टोळी आल्याची अफवा मोबाईलवरून पसरली होती. ती पुढे पाठवणाऱ्या कितीतरी जणी माझ्यासारख्याच असतील, काळजीपोटी पाठवणाऱ्या. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपनं भारतात एक निरोप एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवता येईल, असं बंधन घातलं. पण बंधन बोटाला घालता येतं, मनाला आपलं आपणच घालावं लागतं.

माझी लिस्ट मी काढून टाकलेली नाही. आमंत्रण, भिशीची तारीख, पाणी कधी येणार, एवढं तिच्यावर जातं. ते आवत्यानं पेरलं तरी चालतं. पण औषध, पैसा आणि कुणाच्या अब्रूची गोष्ट आली की एकेकीला फोन. आधी डॉक्टरांना विचारते, मगच बोलते. वेळ लागतो, पैसेही जातात.

वहिनी आता बरी आहे, गोळ्या वेळेवर घेते. दर रविवारी मी तिला फोन करते. परवा हसत म्हणाली, “ताई, आता काई पाठवत नाई तुमी?”

म्हटलं, “नाही गं बाई, आता रोवणी चालू आहे.”