दोन कळंब, एक टिंब

महाराष्ट्रात कळंब नावाचे तालुके दोन. एक धाराशिव जिल्ह्यात. दुसरा आमचा, यवतमाळ-नागपूर रस्त्यावरचा, चिंतामणी गणपतीचा. सरळ रेषेत मधे 300 किलोमीटरहून जास्त अंतर. गणेशपुराणातलं कदंबपूर ते हेच, असं आमच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या सांगतात. उद्या कुणी पुराणस्थळांचा डिजिटल नकाशा केला आणि यादीतलं भलतंच कळंब उचलून टिंब धाराशिवकडे टाकलं, तर पकडणार कोण? त्या नकाशावरचा शोधनिबंध तपासणारे तज्ज्ञ तर नक्कीच नाहीत. त्यांच्यापुढे निबंध येतो, टिंब येत नाही.

म्हणून परीक्षण टिंबाचंही हवं, असं म्हटलं की पहिलं उत्तर ठरलेलं: संगणकावर चढवणं म्हणजे नुसतं टंकलेखन, त्याचं कसलं परीक्षण? भांडारकर संस्थेची महाभारताची चिकित्सक आवृत्ती बघा. काम 1919 ला सुरू झालं, 1966 ला संपलं. नाकारलेले पाठ श्लोकाखाली छापले आहेत, म्हणून तिचे संपादक सुकथनकर यांच्याशी आजही भांडता येतं. तीच संहिता तोकुनागा यांनी संगणकावर आणली, जॉन स्मिथ यांनी पुन्हा तपासली. शब्द क्षणात सापडू लागला, उपकारच झाले. पण पाठभेदांच्या तळटीपा मागेच राहिल्या. काय घ्यायचं, काय सोडायचं हे ठरवणं म्हणजेच तर संपादन!

दुसरं उत्तर जास्त गोड: संगणकावर चूक कधीही सुधारता येते. येते ना, आणि गुपचूप येते. छापील पुस्तकाला निदान शुद्धिपत्र असायचं. इथे काल ज्या पानाचा हवाला दिला ते आज बदललेलं, आणि खोटा ठरतो विद्यार्थी.

'रिव्ह्यूज इन डिजिटल ह्युमॅनिटीज' हे नियतकालिक 2020 पासून डिजिटल प्रकल्पाचंच परीक्षण छापतं, परीक्षकाच्या नावानिशी. आपल्या विद्यापीठांनीही नोंदींचे आधार आणि दुरुस्त्यांच्या तारखा मागाव्यात, आणि परीक्षकांत एक जण त्या गावचा घ्यावा. गावकऱ्याचा शब्द प्रमाण म्हणून नव्हे, बरं का. कदंबपुराचा आमचा दावाही तपासावाच लागेल, आणि पुरावा मिळेपर्यंत नकाशावर 'स्थानिक परंपरा' एवढंच लिहावं लागेल. आमच्यातल्या काहींना ते रुचणार नाही. तरी लिहा. टिंब मात्र यवतमाळ जिल्ह्यातच टाका.