धावणाऱ्या मुलांच्या अस्थी

पहाटेच्या वेळी शिवाजी पार्कच्या कट्ट्याभोवती किंवा गिरगाव चौपाटीकडून नरिमन पॉइंटकडे जाणाऱ्या पदपथावर पंधरा-सोळा वर्षांची जी मुले-मुली मनगटावरील घड्याळात वेळ पाहत धावत असतात, त्यांच्या जिद्दीविषयी मला मनापासून आदर आहे. 2004 साली मुंबई मॅरेथॉन सुरू झाली, 2016 मध्ये माण तालुक्यातील ललिता बाबर रिओ ऑलिंपिकच्या स्टीपलचेसमध्ये अंतिम फेरीपर्यंत पोहोचली, आणि दीर्घ पल्ल्याच्या धावण्याला आपल्याकडे जी प्रतिष्ठा लाभली ती सर्वस्वी योग्यच आहे. परंतु हेच वय अस्थींच्या घडणीचे असते, आणि त्याची दखल घेण्याची तजवीज आपल्या शाळांत व क्रीडामंडळांत क्वचितच आढळते.

प्रौढ माणसाच्या अस्थींत जे खनिज असते, त्याचा सुमारे चतुर्थांश भाग उंची झपाट्याने वाढण्याच्या काळातील अवघ्या दोन वर्षांत साचतो, व विशीच्या सुमारास हा संचय बव्हंशी पुरा होतो. त्या मुदतीत जे राहून गेले ते पुढे भरून काढणे दुष्कर असते. धावल्याने हाडे बळकट होतात, हा समज अर्धाच खरा. उड्या, वळणे, झेपा अशा निरनिराळ्या दिशांनी येणाऱ्या आघातांनी अस्थी दृढ होते. एकाच लयीत पडणाऱ्या सहस्रावधी पावलांचा तिला त्या मानाने थोडाच लाभ. त्यातच अंग हलके तर वेग अधिक, या कल्पनेने मुलगी आहार तोडू लागली की शरीर आपला खर्च आवरते घेते: पाळी लांबते किंवा बंद होते, इस्ट्रोजेन उतरते आणि अस्थींची झीज सुरू होते. मुलगेही यातून सुटत नाहीत. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने 2014 मध्येच हे स्पष्ट केले आहे. पाळी थांबणे ही कसून केलेल्या सरावाची खूण आहे, असे मानणाऱ्या प्रशिक्षकाच्या हाती कोणी आपली मुलगी सोपवू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

परिणाम दिसतो तो नडगीत, पावलाच्या हाडांत, कधी खुब्यात: एका बोटाने दाखवता येईल अशी एकाच जागीची वेदना, जी धावताना वाढते. या वेदनेमागची हाडातील सूक्ष्म भेग आरंभीच्या एक्स-रेमध्ये पुष्कळदा दिसत नाही. 'काही नाही' म्हणून मूल पुन्हा मैदानात जाते, आणि खुब्याजवळची भेग दुर्लक्षिली गेल्यास हाड सरकून शस्त्रक्रियेची पाळी येते. अशा वेळी एमआरआयचा आग्रह धरणे हा अतिरेक नव्हे. पहाटेच्या सावल्यांत धावणाऱ्याला ड जीवनसत्त्व मिळत नाही, हेही ध्यानात ठेवावे. त्यासाठी चढलेले ऊन लागते.

उपाय महाग नाहीत. नाचणी, तीळ, दूध, अख्खा खाल्ला जाणारा जवळा हे जिन्नस लालबाग-परळच्या घरांना परके नाहीत. मात्र जेवण पोटभर हवे, कारण पुरेशा अन्नाविना नुसते कॅल्शियम फारसे उपयोगी पडत नाही. आणि दादरच्या अमर हिंद मंडळासारख्या संस्थांनी जपलेले कबड्डी व खो-खो हे खेळ मुलांनी धावण्याच्या आधी व धावण्याच्या जोडीने खेळावेत. लहानपणी चेंडूचे सांघिक खेळ खेळलेल्या धावपटूंत असे अस्थिभंग कमी आढळतात, असे अभ्यास सांगतात. पालकांनो, मुलीची पाळी तीन महिने चुकली किंवा पंधराव्या वर्षापर्यंत आलीच नाही, तर पुढच्या शर्यतीची वाट न पाहता तिला डॉक्टरांकडे न्या.