सोळा घोडे पुरे

आमच्या देवनारच्या बाजारात बकरा विकत घेणारा माणूस एकदा बघावा. तो आधी बकऱ्याचे दात बघतो, मग पाठीच्या कण्यावरून अंगठा फिरवतो, मग पोटाखाली हात घालून उचलून वजनाचा अंदाज घेतो; आणि एवढं झाल्यावरही विकणाऱ्याच्या तोंडाकडे बघत 'हा काहीतरी लपवतोय' अशी मान हलवतो. चार दिवसांच्या पाहुण्यासाठी एवढी चिकित्सा! आणि हाच माणूस पाच वर्षांचं कर्ज काढून टेम्पो घ्यायला गेला, की शोरूममधल्या टायवाल्या पोरानं हातात दिलेल्या गुळगुळीत कागदावर घोडे मोजत बसतो. याला सत्तर घोडे, त्याला तीसच. झाला निर्णय! दात नाहीत, कणा नाही, काही नाही.

माझं म्हणणं सरळ आहे. गावातल्या गावात माल वाहणाऱ्या छोट्या टेम्पोला दोन सिलिंडरांपेक्षा मोठं इंजिन घेणं ही चैन आहे. आणि ज्याला ती परवडत नाही, नेमकी त्याच्याच गळ्यात आपण शहाणी माणसं ती बांधतो.

'आपण' हा शब्द मी मुद्दाम वापरला. आमच्या सोसायटीच्या फाटकाशी एक बाक आहे. त्या बाकावर संध्याकाळी जी विद्वत्सभा भरते, तिच्यातल्या एकाही सभासदानं आयुष्यात टेम्पो चालवलेला नाही. एकाची हयात बँकेत गेली. दुसऱ्याचा साडू पुण्याच्या मोटार कारखान्यात होता. तो तिथं कॅन्टीनमध्ये होता ही गोष्ट वेगळी. पण इंजिन म्हटलं की दोघंही असे बोलतात, की पिस्टनचा शोध लागला तेव्हा हे शेजारी उभे होते. मीही टेम्पोचा मालक नाही. मात्र घर बदलताना, गणपती आणताना, मुलीचं कपाट पोचवताना मी आजवर ड्रायव्हरशेजारी बसून जेवढे तास काढलेत, तेवढ्यात एखाद्याची डॉक्टरेट झाली असती.

तर मूळ भांडण घोड्यांचं आहे. हा घोडा मोटारीत शिरला कसा, ते जरा बघू. जेम्स वॅटला आपली वाफेची इंजिनं विकायची होती, आणि गिऱ्हाईक सगळं घोड्यांवर गिरण्या चालवणारं. तेव्हा 'माझं यंत्र तुमच्या इतक्या घोड्यांचं काम करील' असं सांगण्यासाठी त्यानं एक हिशेब बांधला : मिनिटाला ३३,००० फूट-पौंड, आजच्या भाषेत ७४६ वॅट. दिवसभर एवढं काम करणारा घोडा मिळणं मुश्कील, इतका तो हिशेब ऐसपैस होता. म्हणजे अश्वशक्ती हे माप जन्माला आलं तेच विक्रेत्याच्या पोटी. त्या शोरूमवाल्या पोराचा काय दोष? तो घराण्याची परंपराच चालवतोय.

आता आमच्याकडची गोष्ट. २००५ साली टाटांनी 'एस' नावाचा चिमुकला टेम्पो काढला. त्याचं इंजिन कसं झालं माहीत आहे? इंडिका मोटारीचं चार सिलिंडरांचं डिझेल इंजिन घेतलं आणि ते जवळजवळ निम्मं केलं. उरले दोन सिलिंडर, ७०२ सीसी आणि सोळा घोडे! तेव्हाही आमच्या बाकावर हशा पिकला होता. 'अहो, सोळा घोड्यांत काय येतं? वरात!' पण लोकांनी त्याला नाव दिलं छोटा हत्ती. माझ्या मते मोटारधंद्याचं सगळ्यात अचूक समीक्षण त्या दोन शब्दांत आहे. हत्ती धावतो किती हे कोणी विचारत नाही. उचलतो किती हे विचारतात. आणि तो पाऊण टन उचलत होता. कागदावर. प्रत्यक्षात किती उचलत होता ते सायन-ट्रॉम्बे रस्त्यावरच्या पोलिसांना विचारा.

आमच्या दारावर भाजी घेऊन येणाऱ्या मावशींच्या मुलानं टेम्पो घ्यायचं काढलं तेव्हा हा वाद ऐरणीवर आला. तोवर मावशी पहाटे तीनला उठून दुसऱ्याच्या टेम्पोत गोण्या टाकून वाशीच्या बाजारातून माल आणायच्या. पोराच्या डोक्यात दीड टनवाला, चार सिलिंडरांचा, उंच बॉनेटचा पिकअप. बाकानं एकमतानं पाठिंबा दिला. 'घ्यायचा तर दणदणीत घे. पॉवर हवी रे!' बँकवाल्यांनी तर हप्त्याचं कोष्टकच मांडून दिलं, जणू हप्ते हेच भरणार होते.

मावशी टोपली खाली ठेवून सगळं ऐकत होत्या. मग म्हणाल्या, "त्ये घोडं ऱ्हाऊ द्या काका. एका गोणीमागं किती पडंल तेवढं सांगा."

बाकावर शांतता! गोणीमागं किती पडेल, हे कोणत्याच कागदावर छापलेलं नसतं. आणि खरं म्हणजे टेम्पोच्या इंजिनाबद्दल विचारण्यासारखा प्रश्न तेवढा एकच आहे. कांद्याची गोणी पन्नास किलोची. पाऊण टन म्हणजे पंधरा गोण्या. मावशी आणि त्यांच्या दोन्ही जावा मिळून रोजचा माल बारा गोण्यांचा. मग दीड टनाचा सांगाडा, मोठे टायर, जास्तीचे दोन सिलिंडर हे सगळं मानखुर्दवरून खाडीपलीकडे नेऊन परत आणायचं कशासाठी? हवापालट म्हणून?

'पण स्पीड?' बाकाचा प्रश्न. साहेब, कुठं स्पीड? घाटकोपर-मानखुर्द जोडरस्त्यावर २०२१ साली उड्डाणपूल झाला, त्यावर दोन मिनिटं वारा लागतो हे कबूल. पण पूल उतरला की पुन्हा तेच. पुढं कचऱ्याची गाडी, मागं बेस्ट, डाव्या हाताला रिक्षा आणि उजव्या हाताला जिवावर उदार झालेला मोटारसायकलवाला. त्या गर्दीत सत्तर घोडे असोत की सोळा, सगळे एकाच तबेल्यात बांधलेले. तिथं लागते ती सावकाश फिरणाऱ्या चाकावरची ओढ. पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये, ॲक्सिलरेटरवर पाय न आपटता, भरलेला टेम्पो पुढं सरकला पाहिजे. ही ओढ त्या अर्ध्या कापलेल्या डिझेल इंजिनात होती. इंजिन २,००० फेऱ्यांवर असतानाच ती पुरी मिळायची. थरथर मात्र अशी, की ड्रायव्हरशेजारी बसून बोललेलं प्रत्येक वाक्य गझल गायकासारखं बाहेर पडायचं.

मोठ्या इंजिनाचा खरा धोका कोणी सांगत नाही. ते रिकामं राहू देत नाही. बारा गोण्यांसाठी दीड टन घेतला की उरलेली जागा आणि वाढलेला हप्ता दोघं मिळून कानाशी बोलू लागतात. आणखी एक भाडं घे, रात्री भंगार घे, सळया घे. मग दीडाचे दोन टन होतात, कारण इंजिन ओढतं. इंजिन ओढतं हो, पण थांबवायचं ब्रेकला असतं! आणि मधल्या मध्ये झोपेविना स्टिअरिंगवर बसायचं त्या मावशींच्या पोराला असतं. बाकावरची माणसं तेव्हा मच्छरदाणीत असतात.

ज्याला रोज कसारा घाट चढून नाशिकहून द्राक्षं आणायची आहेत, त्यानं खुशाल चार सिलिंडर घ्यावेत. भरलेला छोटा हत्ती घाटात चढताना मागच्या ट्रकवाल्यांच्या तोंडून जी भाषा ऐकावी लागते, ती इथं छापता येणार नाही. पण मावशींचा कोथिंबिरीचा धंदा घाटावर नाही, देवनारला आहे.

आता डिझेलचं. माझा जीव डिझेलवर आहे, हे लपवत नाही. ठिणगी नाही, प्लग नाही. हवेला वीस-बावीस पट दाबायचं, ती तापली की तेल शिंपडायचं, की आपोआप भडका. रुडॉल्फ डिझेलच्या पद्धतीचं एक इंजिन १९०० साली पॅरिसच्या प्रदर्शनात चक्क शेंगदाण्याच्या तेलावर चालवून दाखवलं होतं. ज्या इंजिनाला आपली फोडणी चालते त्याच्याबद्दल मराठी माणसाला माया वाटणारच.

पण माया आणि फुप्फुस यांचा हिशेब वेगळा ठेवावा लागतो, निदान देवनारला तरी. आमच्याकडे १९२७ पासून मुंबईचा कचरा येतोय. २०१६ च्या जानेवारीत तो डोंगर पेटला तेव्हा धूर अंतराळातून दिसला, शाळांना सुट्टी द्यावी लागली, आणि आम्ही दारं-खिडक्या बंद करून आत खोकत बसलो. अशा वस्तीत जुनं डिझेल इंजिन गल्लीच्या तोंडाशी काळा फवारा सोडत उभं असलं, तर शेजारच्या बालवाडीतल्या पोरांना 'अरे, ओढ बघ केवढी आहे!' असं सांगून भागत नाही. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ चे नियम आले. डिझेलमधलं गंधक दहा लाखांत पन्नास भागांवरून दहावर उतरलं, आणि धूर गाळायची यंत्रणा इंजिनाच्या गळ्यात आली. मोठ्या इंजिनाला तो दागिना पेलतो. छोट्याला दागिना इंजिनापेक्षा जड. मारुतीनं २०१६ साली आपल्या छोट्या टेम्पोत ७९३ सीसीचं दोन सिलिंडरांचं डिझेल इंजिन घातलं होतं, ते या नियमांपुढं बंदच केलं. शिवाय २०१४ साली डिझेलचा दर सरकारनं मोकळा सोडल्यापासून 'डिझेल स्वस्त' हा जुना मंत्रही निम्मा उरला आहे.

म्हणून आमचा उमेदवार आता पेट्रोल आणि सीएनजीवाला, पण दोन सिलिंडरांचाच. टाटांच्या ६९४ सीसीच्या पेट्रोल इंजिनात सोळाचे तीस घोडे झालेत. महागाई कुणाला चुकली आहे? सीएनजीची टाकी थोडं वजन खाते, चढावर थोडा दम लागतो. चालायचंच. विजेवरचाही टेम्पो आलाय, छान आहे म्हणतात. पण त्यात इंजिनच नाही, तर आवडायचं काय? आणि चाळीतल्या तिसऱ्या मजल्यावरून वायर कुठवर सोडणार?

इंजिन निवडण्याआधी आणखी एक माणूस बघावा : कोपऱ्यावरचा फिटर. आमच्या नाक्यावरचे उस्ताद जुन्या डिझेलचं नोझल आवाजावरून ओळखायचे. आता तेही स्कॅनर लावून सेन्सरचं गाऱ्हाणं ऐकतात. पण दोन सिलिंडरांचं काम त्यांच्या हातातलं आहे. सकाळी टेम्पो दिला तर रात्री मिळतो, पहाटेचा वाशीचा फेरा बुडत नाही. मोठ्या पिकअपचा एखादा भाग मागवावा लागला, की टेम्पो आठवडाभर उभा. हप्ता मात्र उभा राहत नाही.

हे सगळं मी बाकावर दोन संध्याकाळी मांडलं. बँकवाले म्हणाले, 'पण ओव्हरटेक करायचं झालं तर?' रात्री अकरानंतर सीएनजीच्या पंपावर जाऊन बघा म्हटलं. रांग कोपऱ्यावरून वळलेली असते, ड्रायव्हर स्टिअरिंगवर डोकं टेकून घोरत असतात, आणि सत्तर घोडेवाला गपगुमान तीस घोडेवाल्याच्या मागं उभा असतो. करा म्हणावं ओव्हरटेक!