चार आठवड्यांची सेवा

गेल्या पावसाळ्यांत आमच्या वडनेर भोलजी येथील एक पालक एक रंगीत पत्रक घेऊन आमच्याकडे आले. त्यांचे चिरंजीव नुकतेच बारावीची परीक्षा उत्तीर्ण झालेले. पत्रकावर समुद्रापलीकडच्या एका देशांतील अनाथालयाचें चित्र होतें, आणि खालीं असें छापलें होतें कीं, तरुणांनीं चार आठवडे तेथें येऊन शाळेंतील मुलांस व व्यंग असलेल्या बालकांस शिकवावें, त्यांच्याशीं खेळावें, आणि परततांना सेवेचें प्रशस्तिपत्र घेऊन जावें. याबद्दल जी रक्कम भरावयाची होती ती दाखवून ते गृहस्थ म्हणाले, "गुरुजी, तीन एकरांतली कपाशी विकली तरी एवढे हातीं येत नाहींत. पण पोराचें मन त्यांत आहे, आणि काम तर पुण्याचें. भरूं का पैसे?" तेवढ्यांत घंटा झाली व आम्हीं अर्धेंच उत्तर दिलें. उरलेलें येथें देतों. कारण असलीं पत्रकें हल्लीं अनेक घरांत येऊं लागलीं आहेत.

प्रथम हें सांगणें अवश्य आहे कीं, त्या मुलाच्या इच्छेस आम्ही हंसत नाहीं. परक्या देशांतील मुलासाठीं ज्याचें मन द्रवतें त्याचें मन चांगलेंच म्हटलें पाहिजे. शिवाय मिशनच्या शाळेंत बसून समुद्रापलीकडच्या सेवेस नांवें ठेवणें आम्हांस शोभणार नाहीं. आपल्या महाराष्ट्रांत मुलींच्या आणि अंध-बधिरांच्या शिक्षणास ज्यांनीं आरंभीं हात घातला, त्यांत परदेशांतून आलेलीं माणसें थोडीं नव्हतीं. पण तीं आलीं कशीं आणि राहिलीं कशीं, हें पत्रकांत छापलेलें नसतें.

मिस सिंथिया फरार या अमेरिकन बाई १८२७ सालीं मुंबईस उतरल्या. मराठी शिकल्यावांचून त्यांच्या हातून कांहीं होण्यासारखें नव्हतें, म्हणून त्या मराठी शिकल्या. पुढें मुंबईंत व नंतर अहमदनगरास त्यांनीं मुलींच्या शाळा चालविल्या. सावित्रीबाई फुले यांनीं अध्यापनाचें शिक्षण घेतलें तें नगरच्या त्यांच्याच संस्थेंत. १८६२ सालीं नगरासच त्यांचा अंत झाला. मध्यंतरी एकदां त्या मायदेशीं जाऊन आल्या, तेवढा काळ वगळला तर बाकीचें सारें आयुष्य त्यांनीं येथें काढलें. मिस ॲना मिलर्ड यांची हकीकतहि अशीच आहे. मोठ्या दुष्काळानें निराधार झालेल्या अंध मुलांसाठीं त्यांनीं १९०० सालीं मुंबईंत शाळा काढली. त्या काळीं या देशांत अंधांच्या लिपीचा मेळ नव्हता. निरनिराळ्या ठिकाणीं ठिपक्यांच्या निरनिराळ्या पद्धती चालत, आणि भारतीय भाषांसाठीं एक 'भारती ब्रेल' ठरली ती १९५१ सालीं. म्हणजे शिकविणाऱ्यानें आधीं ठिपके मराठीशीं जुळवावयाचे, मग ते मुलाच्या बोटाखालीं द्यावयाचे, आणि बोट वाचूं लागेपर्यंत वाट पाहावयाची.

उलट दिशेनें गेलेल्या पंडिता रमाबाईंचेंहि येथें स्मरण होतें. १८८३ सालीं त्या इंग्लंडास गेल्या त्या वैद्यक शिकण्याच्या हेतूनें. परंतु कानांनीं कमी ऐकूं येत असल्यामुळें तो बेत सोडावा लागला. चेल्टनहॅम येथें त्या स्वतः शिकल्या आणि तेथेंच संस्कृत शिकविलें. आपल्याजवळ देण्यासारखें काय आहे व घेण्यासारखें काय आहे, हें त्यांस नेमकें ठाऊक होतें. पुढें त्यांच्या केडगांवच्या मुक्ति मिशनमध्यें अंध स्त्रियांसाठींहि आसरा निघाला. बाईंस स्वतःला नीट ऐकूं येत नव्हतें, ही गोष्ट आमच्या कित्येक विद्यार्थ्यांस ठाऊक नसेल, म्हणून मुद्दाम लिहिली.

आतां कोणी म्हणेल, सर्वांनींच का जन्म वाहून टाकावा? थोडे दिवस देणाऱ्याची सेवा ती सेवा नव्हे काय? अवश्य आहे, मात्र तिला काम निराळें हवें. पियेर सेरेसोल नांवाच्या स्विस गृहस्थांनीं पहिल्या महायुद्धानंतर, १९२० सालीं, फ्रान्समधील एक उद्ध्वस्त खेडें पुन्हां उभारण्यास स्वयंसेवक नेले. त्यांत काल शत्रु असलेले जर्मनहि होते. त्यांतूनच 'सर्व्हिस सिव्हिल इंटरनॅशनल' ही संस्था निघाली. १९३४ च्या जानेवारींत बिहारांत भूकंप झाला, तेव्हां हेच सेरेसोल तेथें आले आणि गांवें वसविण्याच्या कामीं राबले. १९५० नंतरच्या पहिल्या कांहीं वर्षांत याच संस्थेचे नाना देशांतील स्वयंसेवक वरोऱ्याजवळ बाबा आमटे यांच्या आनंदवनांत येऊन राहिले व इमारती उभारूं लागले. महारोग्यांच्या सावलीसहि लोक भीत, त्या काळची ही गोष्ट. या मंडळींनीं मागितलें काय? कुदळ, घमेलें आणि विटा. गवंडी निघून गेला म्हणून भिंत रडत नाहीं. थोड्या दिवसांच्या पाहुण्यानें असेंच काम पत्करावें, असें आमचें स्पष्ट मत आहे.

नांदुऱ्याहून गाडीनें जलंब ओलांडलें कीं शेगांव येतें. तेथील संस्थानांत पाळीपाळीनें येणारे सेवेकरी वाचकांनीं पाहिलेच असतील. कोणी झाडतो, कोणी पंगतींत वाढतो, कोणी पादत्राणें सांभाळतो. काम निवडून घेण्याचा कोणाचा आग्रह नसतो. मिशनच्या शाळेच्या अंकांत शेगांवचें उदाहरण कां, असें कोणी विचारील. चांगलें उदाहरण जवळ असतां दूर कां जावें, एवढेंच आमचें उत्तर.

परंतु मूल म्हणजे भिंत नव्हे. ज्या मुलाची समज वयाच्या मागें चालते, त्याला रोज तेंच माणूस लागतें, तोच आवाज लागतो, आणि सदऱ्याचें बटन लावण्याची तीच रीत शंभर वेळां दाखवावी लागते. सहा महिन्यांनीं बटन लागतें, आणि लागतें तेव्हां तें मूल प्रथम त्या माणसाच्या तोंडाकडे पाहतें. तेथें दर महिन्यास नवें तोंड येऊन उभें राहिलें तर त्यानें पाहावें कोणाकडे? ऐकूं न येणाऱ्या मुलांच्या खुणा सगळ्या जगांत एकच असतात असा पुष्कळांचा समज आहे, तोहि चुकीचा. अमेरिकेंतील खुणा निराळ्या, इंग्लंडांतील निराळ्या, आपल्या निराळ्या. अमेरिकेंत इंग्रजी अक्षरें एका हातानें दाखवितात, आपल्याकडे दोन्ही हातांनीं. परक्या देशांत उतरलेला आमचा विद्यार्थी तेथील बधिर मुलासमोर शिक्षक म्हणून उभा राहील, पण मुका असेल तो हाच.

याहूनहि वाईट प्रकार कंबोडिया व नेपाळ या देशांत उघडकीस आले. पाहुण्यांच्या पैशांचा ओघ सुरू झाला तशीं अनाथालयें वाढलीं, आणि त्यांतील बहुसंख्य मुलांचे आई किंवा बाप हयात असल्याचें चौकशींत आढळलें. गरिबांचीं मुलें घरांतून आणून अनाथ म्हणून दाखविलीं जात होतीं. ऑस्ट्रेलियांत २०१८ सालीं आधुनिक गुलामगिरीविरुद्ध कायदा झाला, त्या वेळच्या चर्चेंत हा व्यापारहि पुढें आला. ज्याची कपाशी विकून पैसे भरावयाचे, त्या बापानें एवढें तरी विचारावें कीं, या मुलांचे आईबाप कोठें आहेत, माझ्या मुलास तेथें शिकविणार कोण, आणि तो परतल्यावर त्याचें काम कोण करणार? या प्रश्नांस ज्या पत्रकांत उत्तर नाहीं तें चुलींत घालावें.

चांगल्या वाटा नाहींत असें नव्हे. व्हिएन्ना सोडून आलेले डॉक्टर कार्ल कोनिग यांनीं १९४० सालीं स्कॉटलंडांत कॅम्पहिल येथें असलें कार्य सुरू केलें. तेथें स्वयंसेवक सामान्यतः वर्षभर त्याच घरांत राहतात, स्वयंपाक करतात, भांडीं घासतात, आणि आधीं शिकतात. पुण्याजवळ कोळवण येथें १९९४ पासून चाललेलें 'साधना व्हिलेज' हेंहि अशाच घरगुती पद्धतीचें आहे. तेथें मोठ्या वयाच्या विशेष व्यक्ति एकत्र राहतात. जर्मन सरकारनें २००८ सालीं सुरू केलेल्या 'वेल्टवेर्ट्स' योजनेंतून तिकडचे तरुण बहुधा वर्षभरासाठीं बाहेर जातात, आणि पुढें इतर देशांतील तरुणांनीं जर्मनींत येऊन सेवा करण्याचीहि सोय त्यांत झाली. आमच्या विद्यार्थ्यानें अशा वाटेनें जावें. भाषा शिकून जावें. त्यास आमचा आशीर्वाद आहे.

त्या पालकांस आम्हीं हें सारें सांगितलें नव्हतें. घंटा वाजतांवाजतां एवढेंच विचारलें होतें, "तुमच्या गल्लींत तो ऐकूं न येणारा मुलगा आहे, त्याचें नांव काय हो?" ते गप्प झाले. त्या मुलास सारें गांव व्यंगाच्याच नांवानें हांका मारतें. तीहि त्याला ऐकूं येत नाहीं हें एक बरें. वय अकरा, आणि शाळेचें तोंड पाहिलेलें नाहीं. २०१६ च्या दिव्यांगांच्या कायद्यानें, शेंकडा चाळीस वा त्याहून अधिक व्यंग असलेल्या मुलास वयाच्या सहाव्या वर्षापासून अठराव्या वर्षापर्यंत विनामूल्य शिक्षणाचा हक्क आहे. पण दाखला काढण्यास जिल्ह्याच्या ठिकाणीं खेटे घालावे लागतात, आणि कापूस वेंचणाऱ्या आईस रोज बुडवून तें परवडत नाहीं.

दिवाळीनंतर ते गृहस्थ पुन्हां भेटले. पैसे भरले नव्हते. चिरंजीव थोडे रागावलेलेच आहेत, असें ते म्हणाले. मात्र दाखल्यासाठीं त्या मायलेकरांस घेऊन तो दोनदां बुलढाण्यास जाऊन आला, आणि तिसरी फेरी अजून व्हावयाची आहे. रविवारीं दोघे ओट्यावर बसतात. आतांपर्यंत पंचवीसेक खुणा झाल्या. त्यांतल्या बहुतेक त्या मुलाच्याच आहेत, आणि शिकणारा आमचा विद्यार्थी आहे. त्याच्या हनुवटीवर तीळ आहे. तो मुलगा हनुवटीस बोट लावतो, तें त्याचें नांव.