डोळे मिटले की अंधारच!

गेल्या उन्हाळ्यातली गोष्ट. साखर आणि रक्तदाबाच्या तपासणीसाठी नेहमी येणाऱ्या एक मावशी दवाखान्यात आल्या होत्या. वय ६८. यजमान एसटीत ड्रायव्हर होते, त्यांना जाऊन वर्ष होत आले होते. तपासणी झाली, चिठ्ठी लिहून दिली, तरी मावशी उठेनात. मग खालच्या आवाजात म्हणाल्या, "डॉक्टरसाहेब, एक विचारू का? ह्यांचा चेहरा माझ्या डोळ्यापुढं येतच नाही हो. थोरल्या जाऊबाई म्हणतात, मला भावजी सारखे दिसतात. आणि मी सत्तेचाळीस वर्षं संसार केला, मला दिसत नाहीत. माझ्या मायेतच काही खोट असंल का?"

मी लगेच धीर दिला. "मावशी, अहो, तसं कुणालाच दिसत नसतं. ती आपली बोलायची पद्धत आहे. मनाला लावून घेऊ नका." झोप लागत नाही म्हणाल्या म्हणून एक सौम्य गोळीही लिहून दिली.

मावशी गेल्या आणि औषधाच्या खिडकीतून आमचे कंपाउंडर म्हणाले, "असं कसं डॉक्टर? माझी आई जाऊन वीस वर्षं झाली, पण डोळे मिटले की समोर उभी राहते. हिरवं लुगडं, हातात परात. मागची पोपडे निघालेली भिंतसुद्धा दिसते."

मला ती अतिशयोक्ती वाटली. रात्री जेवताना सहज म्हणून सौभाग्यवतींना विचारले, आपल्या गावच्या जुन्या घराचे अंगण डोळ्यासमोर आणता येईल का? तिने डोळे मिटले आणि सांगायला सुरुवात केली: तुळशीवृंदावन, त्याच्या डाव्या अंगाला रांजण, रांजणाच्या काठाला गेलेला तडा, दोरीवर वाळत घातलेली धोतरे. मग तिने विचारले, "तुम्हाला काय दिसतंय?" मी म्हणालो, "काळोख." तिला वाटले, मी थट्टा करतो आहे.

वाचकहो, वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी मला स्वतःबद्दल ही गोष्ट कळली. 'चित्र डोळ्यासमोर उभे राहिले' हे लोक शब्दशः खरे बोलत असतात आणि मला ते चित्र कधीच दिसलेले नाही! मग अनेक जुन्या गोष्टींचा उलगडा झाला. मेडिकल कॉलेजात शरीररचनाशास्त्राच्या परीक्षेच्या वेळी मित्र म्हणायचे, पुस्तकाचे पानच समोर दिसते, वाचून उत्तर लिहायचे. मी त्यांना बढाईखोर समजायचो. मी मात्र हाताच्या नसा आणि शिरा स्तोत्र पाठ करावे तशा एकामागून एक घोकल्या. आजही मुलाच्या अंगावरचा गोवर मी दारातून ओळखतो, पण रुग्ण गेल्यावर तो पुरळ मनात पाहा म्हणाल, तर दिसत नाही. पाहिलेले ओळखणे वेगळे आणि न पाहता मनात उभे करणे वेगळे, हा धडा मला पुस्तकाने नव्हे, त्या मावशींनी दिला.

या अवस्थेला 'अफँटेशिया' असे नाव आहे. 'फँटेशिया' हा ग्रीक शब्द, अर्थ कल्पना किंवा मनातील प्रतिमा. त्याआधीचा 'अ' आपल्या 'अशक्य'मधल्या 'अ'सारखाच नकारार्थी. नाव नवे असले तरी निरीक्षण जुने आहे. १८८० साली फ्रान्सिस गाल्टन या ब्रिटिश शास्त्रज्ञाने लोकांना विचारले, आज सकाळचे तुमचे न्याहारीचे टेबल आठवा. चित्र स्पष्ट दिसते का, रंग दिसतात का? काहींना सारे लख्ख दिसत होते. पण त्याने आधी ज्यांना विचारले, त्या विद्वान मंडळींपैकी कित्येकांनी असे काही दिसतच नाही असे सांगितले. त्यांच्या मते मनातील चित्र हा नुसता अलंकार होता. म्हणजे मी मावशींना दिलेले उत्तर १८८० सालीच देऊन झाले होते आणि तेव्हाच चुकीचे ठरले होते.

नंतर हा विषय बराच काळ मागे पडला. २०१० मध्ये इंग्लंडमधील मेंदूविकारतज्ज्ञ अॅडम झेमन व त्यांच्या सहकाऱ्यांनी एका गृहस्थांची हकिकत प्रसिद्ध केली. हृदयाच्या रक्तवाहिनीवरील उपचारानंतर त्यांची मनात चित्र पाहण्याची शक्ती अचानक गेली होती. त्याविषयी वाचून काही लोकांनी कळवले, आम्ही तर जन्मापासूनच असे आहोत. अशा २१ जणांची माहिती घेऊन २०१५ मध्ये झेमन यांनी या अवस्थेला हे नाव दिले. निकष कडक की सैल यावर आकडा अवलंबून आहे, पण साधारण शंभरात एक ते चार माणसे अशी असावीत, असा अंदाज आहे. दुसऱ्या टोकाला मनातले चित्र प्रत्यक्षाइतके लख्ख दिसणारेही असतात.

कुणी म्हणेल, हे सारे ऐकीव. दुसऱ्याच्या मनात कोण डोकावले आहे? त्याचेही उत्तर आहे. उजेडात बाहुली आकुंचन पावते, हे आपण जाणतो. बहुतेकांच्या बाबतीत नुसता प्रखर उजेड मनात आणला तरी ती थोडी आकुंचन पावते. ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी २०२२ मध्ये दाखवले, की अफँटेशिया असलेल्यांच्या बाहुल्या प्रत्यक्ष उजेडाला नीट प्रतिसाद देतात, पण मनात आणायला सांगितलेल्या उजेडाला देत नाहीत. दुसऱ्या एका अभ्यासात लोकांना पाहिलेली खोली आठवून काढायला सांगितली. अशा माणसांच्या चित्रात वस्तू कमी होत्या, पण ज्या होत्या त्यांच्या जागा बिनचूक होत्या. म्हणजे स्मरण असते, ते चित्ररूपाने नसते इतकेच.

आता माझे स्पष्ट मत सांगतो. हा रोग नाही. त्याला गोळी नाही, टॉनिक नाही आणि त्यांची गरजही नाही. उद्या कुणी 'मनःचक्षू उघडून देतो' म्हणून पैसे मागू लागला, तर त्याच्या दारात जाऊ नका. बुद्धी, कल्पकता आणि माया यांचा या चित्रांशी लोक जोडतात तसा संबंध नाही. संगणकावरील कार्टून चित्रपटांसाठी जगप्रसिद्ध झालेल्या पिक्सार कंपनीचे एक संस्थापक एड कॅटमल यांना स्वतःला मनात चित्र दिसत नाही. याहून वेगळा पुरावा काय हवा?

तेव्हा शिक्षकांना विनंती, की 'चित्र डोळ्यासमोर आणा म्हणजे पाठ होईल' हा उपाय वर्गातल्या सगळ्यांना लागू पडेल असे धरू नका. ज्याला ते जमत नाही, तो मुलगा आळशी नसतो. त्याला कागदावर आकृती काढू द्या, मोठ्याने म्हणू द्या, हाताने करून पाहू द्या. ध्यान शिकवणाऱ्यांनाही हेच सांगणे. डोळे मिटून मूर्ती दिसली नाही म्हणून भक्ती उणी ठरत नाही. नामस्मरणाला जीभ आणि कान पुरतात. श्वासावर लक्ष ठेवायलाही चित्र लागत नाही. अशा काहींना जुने प्रसंग तपशिलाने आठवायला किंवा चेहरे ओळखायला जड जाते. त्यांनी आपल्या माणसांचे फोटो आणि आवाज जपून ठेवावेत. त्यात दुबळेपणा नाही. मी चष्मा वापरतो, तसेच ते आहे.

एक अपवाद मात्र ध्यानात ठेवा. आधी चित्रे दिसत होती आणि अचानक दिसेनाशी झाली, विशेषतः डोक्याला मार लागल्यावर किंवा फार उदास वाटू लागल्यावर, तर डॉक्टरांना दाखवा. सोबत तोंड वाकडे होणे, बोबडी वळणे, हातापायातली शक्ती जाणे असे काही असेल, तर तास-दोन तासही न घालवता रुग्णालय गाठा. ते लक्षण अर्धांगाच्या झटक्याचे असू शकते.

मावशींना मी पुढच्याच आठवड्यात निरोप धाडून बोलावून घेतले. आधी माझी चूक कबूल केली. मग विचारले, "लग्नाआधी माहेरचं माणूस कधी डोळ्यापुढं यायचं का?" त्या म्हणाल्या, "कधीच नाही." म्हणजे त्या जन्मापासूनच माझ्या जातकुळीतल्या. "मलाही दिसत नाही, मावशी. माझी आईसुद्धा दिसत नाही," असे सांगितल्यावर त्या माझ्याकडे पाहतच राहिल्या. मी विचारले, "मग ह्यांचं काय आठवतं?" आणि मावशी बोलू लागल्या. ड्यूटीवरून आले की फाटकाची कडी दोनदा वाजवायचे, जेवायला बसले की भाकरीआधी ताक मागायचे, रात्रीची गाडी असली की चपला हातात घेऊन बाहेर पडायचे, कुणाची झोपमोड नको म्हणून.

बाहेर रुग्णांची रांग खोळंबली होती. मी त्यांना थांबवले नाही. झोपेची गोळी मात्र बंद केली.

मावशींसारखी चार माणसे या जिल्ह्यात आज गप्प बसून स्वतःला दोष देत असतील, म्हणून हा लेख. तुमच्या घरात कुणी म्हणाले, की मला चेहरा आठवत नाही, तर 'असं कसं?' म्हणू नका. त्यांना काय आठवते, ते विचारा.