केसपेपरच्या खिडकीपाशी

आजारी म्हैस पाहायला आलेला जाणता डॉक्टर आल्याबरोबर सुई काढीत नाही. तो आधी दावणीपाशी उभा राहतो, पाठीवरून हात फिरवतो, दोन शब्द बोलतो आणि मगच औषधाची पिशवी उघडतो. बुजलेले जनावर अंगाला हात लावू देत नाही, हे आपणा शेतकऱ्यांना कुणी शिकवावे लागत नाही. मग मनाने आजारी असलेला माणूस इस्पितळाच्या दारात येतो, तेव्हा त्याच्याबाबत एवढीही दक्षता का घेतली जाऊ नये?

काही वर्षांपूर्वी आम्ही आमच्या धर्मग्रामातील एका तरुण शेतकऱ्याला घेऊन शहरातील एका इस्पितळाच्या मानसोपचार विभागात गेलो होतो. पहाटेची पहिली बस धरली होती. केसपेपरच्या खिडकीवरील कारकुनाने मान वर न करता, साऱ्या रांगेला ऐकू जाईल अशा आवाजात विचारले, "वेडाचा पेशंट कोण? मारझोड करतो का?" रांगेत शेजारच्या गावचे दोघे उभे होते. आमचा तरुण काही न बोलता बाहेर जाऊन झाडाखाली बसला. त्याला पुन्हा आत आणायला आम्हाला दीड तास लागला. डॉक्टरांनी त्याला मन लावून तपासले, हे मुद्दाम सांगितले पाहिजे. पण पुढच्या तारखेला तो गेलाच नाही. गोळ्या संपल्या आणि ऐन भातकापणीत आजार उलटला. डॉक्टरांचे शब्द त्याच्या लक्षात राहिले नाहीत, खिडकी राहिली.

मनाच्या आजारात पुन्हा येणे हाच निम्मा उपचार असतो. ताप उतरला की गोळी बंद, हा हिशेब इथे चालत नाही. उदासीनतेच्या आजारावरील गोळ्यांचा गुण दिसायला साधारण दोन ते चार आठवडे लागतात. तोंडाला कोरड पडणे, झापड येणे असे त्रास मात्र पहिल्या दिवसांतच सुरू होऊ शकतात. या मधल्या दिवसांत रोग्याला धरून ठेवते ते कुणाचे तरी धीराचे बोलणे. म्हणून खिडकीवरचा कारकून, दारावरचा पहारेकरी, वॉर्डातील आया आणि मदतनीस हे सगळे उपचार करणारेच आहेत, असे आमचे ठाम मत आहे.

आपल्या शेजारच्या गोव्यात याची पारखही झाली आहे. वैद्यकीय शिक्षण नसलेल्या स्थानिक माणसांना शिकवून तयार केले आणि आरोग्य केंद्रांत बसवले. आजार समजावून सांगणे, ऐकून घेणे, औषध चालू आहे ना ते पाहणे, हे त्यांचे काम. डॉ. विक्रम पटेल व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१० साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात त्याचा निष्कर्ष मांडला. सरकारी केंद्रांत अशी माणसे होती तिथे सहा महिन्यांत शंभरातले सुमारे ६६ रोगी बरे झाले. नव्हती तिथे सुमारे ४२. खाजगी दवाखान्यांत तसा फरक दिसला नाही, हेही नमूद केले पाहिजे.

हल्ली रोग्याला 'गिऱ्हाईक' म्हणण्याची रीत आली आहे. आम्हाला तो शब्द रुचत नाही. खताच्या दुकानात अपमान झाला तर आपण दुसऱ्या दुकानात जातो. या रोग्याला दुसरे दुकान कुठले? पण खरे सांगायचे तर तोच खतवाला गिऱ्हाइकाला बाकावर बसवतो, पाणी विचारतो. निदान तेवढे तरी व्हावे. रोग्याला नावाने आणि अहोजाहोने हाक मारावी. काय होते आहे हे खिडकीवर चारचौघांत विचारू नये. सोबतच्या भावाशी न बोलता रोग्याशी बोलावे. किती वेळ लागेल ते सांगावे, कारण खेड्यातल्या माणसाचा जीव शेवटच्या बसमध्ये अडकलेला असतो. आणि आमच्या सीमाभागात त्याला त्याच्या भाषेत बोलू द्यावे. दुःख काही परक्या भाषेत सांगता येत नाही. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने रोग्याला अपमानास्पद वागणुकीपासून संरक्षण दिले आहे, त्याच्या आजाराची माहिती गुप्त ठेवण्याचा हक्क दिला आहे, साखळीने बांधण्याला बंदी केली आहे. तो कायदा खिडकीवरच्या माणसाला कुणी वाचून दाखवला आहे काय?

त्या कारकुनावर सगळा राग काढणेही बरे नव्हे. कित्येक जण कंत्राटावर असतात, शिव्या खातात, प्रसंगी मारही खातात. ज्याच्याशी कुणी नीट बोलत नाही, त्याने दिवसभर नीट बोलावे ही अपेक्षा जास्तच आहे. त्यांना पगार वेळेवर मिळावा, मध्ये विसावा मिळावा, आणि हे काम कसे करावे ते शिकवले जावे. भिंतीवर 'गोड बोला' अशी पाटी लावून भागत नाही.

इस्पितळांचे आश्रयदाते संत जॉन ऑफ गॉड यांना सोळाव्या शतकात स्पेनमधील ग्रॅनाडाच्या इस्पितळात वेडा म्हणून ठेवले होते, आणि उपचार म्हणून चाबकाचे फटके मारले होते. बाहेर पडल्यावर त्यांनी त्याच शहरात आजाऱ्यांसाठी स्वतःचे इस्पितळ उघडले. ८ मार्चला त्यांचा सण येतो, तेव्हा ही हकीकत आम्ही सांगतो. पण आमच्याही हातून चूक झाली आहे. एकदा एक माऊली झोप येत नाही, जीव नको वाटतो, असे सांगायला आली होती. आम्हाला दुसऱ्या गावी मिस्सेला जायचे होते. "प्रार्थना करा, सर्व ठीक होईल," असे म्हणून आम्ही दोन मिनिटांत तिची बोळवण केली. तीही एक खिडकीच होती. आता असे कुणी आले की आम्ही आधी बसायला सांगतो. आणि टेली-मानसचा १४४१६ हा विनामूल्य क्रमांक, जो दिवसरात्र चालू असतो, तो चर्चच्या दाराशी लिहून ठेवला आहे.

तो तरुण पुढे दुसऱ्या एका इस्पितळात जाऊ लागला. पहिल्या खेपेला आम्ही सोबत होतो. तिथल्या नर्सबाईंनी कागद हातात घेतला, त्याच्याकडे पाहिले आणि म्हणाल्या, "लांबून आलात. बसा. भात झालं का कापून?" आता तो एकटाच जातो.